वार्ताहराची मजुरी

न्हावरे येथील घोडगंगा सहकारी साखर कारखान्याच्या कामगारांचे पगार थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर वरचेवर येत होत्या, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. २०२३-२४ चा गळीत हंगाम कारखान्याला घेता आला नव्हता. शिरूरचा एक वार्ताहर शाळेच्या कार्यक्रमाची बातमी नेण्यास आमच्याकडे आला. त्याच सकाळी कामगारांच्या हालांविषयी त्याने लिहिलेला मजकूर छापून आला होता. वाण्याची उधारी किती दिवस चालते, मुलांचे शुल्क भरावयाचे राहिले की घरात बोलणे कसे कमी होते, हे त्याने फार समजुतीने लिहिले होते. आम्ही त्याचे अभिनंदन केले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "फादर, हे लिहायला मला कोणाकडे विचारपूस करावी लागली नाही. माझे स्वतःचे मानधन अकरा महिने आलेले नाही."

मग संकोचत त्याने पिशवीतून एक दरपत्रक काढले. वर्तमानपत्राच्या वर्धापनदिनाची पुरवणी निघणार होती आणि शिरूर तालुक्याच्या वाट्याला जाहिरातींची जी रक्कम लावून दिली होती ती भरून निघत नव्हती. शाळेने पाव पानाची तरी जाहिरात द्यावी, अशी त्याची विनंती होती. वर्तमानपत्राचे नाव कोठे बोलू नये, असेही त्याने बजावले. ते आम्ही पाळत आहोत. नाव सांगून फारसा उपयोगही नाही. त्यानंतर शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत ज्या ज्या वार्ताहरांशी आम्ही बोललो, त्यांच्या हकिकतींत वर्तमानपत्राचे नाव तेवढे निराळे होते.

तालुक्याची बातमी कशी येते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसते. बसस्थानकाजवळच्या एखाद्या व्यापारी संकुलात लहानसा गाळा, दारावर वर्तमानपत्राचा फलक, आत एक संगणक आणि दोन खुर्च्या, हे झाले तालुका कार्यालय. फलक वर्तमानपत्राचा असतो. भाडे, वीज आणि इंटरनेट यांचा खर्च पुष्कळदा वार्ताहराच्या खिशातून होतो. दुचाकीचे पेट्रोल त्याचेच, कॅमेरा त्याचाच. नेमणुकीच्या वेळी त्याला ओळखपत्र मिळते, कधी तेही मिळत नाही. नियुक्तीपत्र तर आम्हांला भेटलेल्यांपैकी एकाकडेही नव्हते. दोघांकडून उलट असे लिहून घेतले होते की, पत्रकारिता हा आपला मुख्य व्यवसाय नसून आपण ती हौसेने करतो व चरितार्थाचे साधन आपल्याजवळ दुसरे आहे. त्यांतील एकाजवळ असे कोणतेही दुसरे साधन नाही.

मानधन या शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वेतन थकले तर माणूस तक्रार करतो. मानधन थकले तर तक्रार करणेच अप्रशस्त वाटते, कारण मानापोटी जे दिले ते मागावयाचे कसे? शब्दाची ही निवड निष्पाप आहे, असे आम्हांला वाटत नाही. या मानधनावर कोणाचे घर चालत नाही व चालावे अशी अपेक्षाही नसते. घर चालावयाचे ते जाहिरातींवर मिळणाऱ्या कमिशनवर. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, दिवाळी, वर्धापनदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे वार्ताहराचे खरे सुगीचे दिवस. ग्रामपंचायती, पतसंस्था, खासगी शिकवण्या, जमिनीचे विकसक आणि औद्योगिक वसाहतीतील ठेकेदार हे त्याचे आश्रयदाते.

जाहिरात छापून येते, पैसे मात्र लगोलग येत नाहीत. वाढदिवस होऊन जातो, पुढारी दुसऱ्या पक्षात जातो, शुभेच्छा देणारा कार्यकर्ता फोन उचलत नाही. अशी बुडीत रक्कम वार्ताहराच्या खात्यावर नावे टाकली जाते. अकरा महिन्यांचे मानधन मागावयास गेलेल्या माणसापुढे मग हिशेबाची वही उघडली जाते आणि त्याला समजते की, त्याचे येणे बाकी नसून त्याच्याकडूनच येणे आहे. शेतमजूर आणि सावकार यांच्या ज्या हिशेबावर याच वर्तमानपत्रांनी एके काळी अग्रलेख लिहिले, त्याहून हा हिशेब फारसा वेगळा नाही.

दौंडला आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांपैकी एकाकडे बातमीदारीबरोबर अंकांची विक्रीही आहे. पहाटे गठ्ठे उतरवून घ्यावयाचे, मुलांकरवी वाटावयाचे, दुपारी तहसील कचेरी व पोलीस ठाणे गाठावयाचे, सायंकाळी बातम्या पाठवावयाच्या, आणि अलीकडे त्यात संकेतस्थळासाठी चित्रफीत करण्याची भर पडली आहे. या नव्या कामाचा मोबदला किती, असे विचारल्यावर त्याला उत्तर मिळाले की, यामुळे तुमचा चेहरा लोकांना दिसतो, हे काय थोडे झाले!

अपमानाची रीतही आता आधुनिक झाली आहे. जिल्ह्यातील सर्व वार्ताहरांचा एक व्हॉट्सॲप गट असतो. कोणत्या तालुक्याची वसुली किती झाली याचा तक्ता तेथे रोज टाकला जातो आणि मागे पडलेल्यांना सर्वांसमक्ष बोल लावले जातात. घरी मयत झालेली असतानाही 'आजचा आकडा कळवा' असा निरोप आल्याचे एकाने आम्हांला दाखविले. अखेर एके दिवशी त्या गटातून नाव काढून टाकले जाते. सेवा संपली ती एवढ्यावरच. काढून टाकल्याचे पत्र नसते, कारण ठेवल्याचेही पत्र नसते.

आता वाचक विचारतील, आम्ही दोन रुपयांचे चार रुपये देऊन अंक घेतो, त्यात वार्ताहराच्या खासगी हिशेबाशी आमचा संबंध काय? संबंध आहे तो असा. भीमा आणि घोड या नद्यांच्या पात्रांतील बेकायदा वाळूउपसा, कुरकुंभच्या वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी, रांजणगावच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची स्थिती, पतसंस्थांतील ठेवी आणि साखर कारखान्यांचा कारभार हे या दोन तालुक्यांचे जिव्हाळ्याचे विषय आहेत. पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना बंद पडला, पुढे २०२२ मध्ये तो भाडेतत्त्वावर खासगी समूहाकडे गेला. ही सगळी वाटचाल सभासदांना कळली ती तालुक्याच्या वार्ताहरामुळे, मुंबईच्या संपादकामुळे नव्हे. आता ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे त्याच्याच दारी दिवाळीत जाहिरातीसाठी उभे राहावयाचे असेल, तर काय लिहिले जाईल आणि काय राहून जाईल याचा अंदाज वाचकांनीच करावा. एका अनुभवी वार्ताहराने आम्हांला सांगितले की, बातमी देऊ नको म्हणून त्याला आजवर कोणी धमकी दिलेली नाही. "दिवाळीला भेटू" एवढेच लोक म्हणतात, आणि ते पुरते.

तरीही काही जण लिहितात. ते कसे लिहितात याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

हे सर्व कायद्याच्या नजरेआड चालले असते तर गोष्ट निराळी होती. वस्तुस्थिती अशी की, वर्तमानपत्रातील नोकरांसाठी आपल्या देशाने इतर अनेक व्यवसायांच्या आधी स्वतंत्र कायदा केला. १९५२ साली न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमण्यात आला. त्याचा अहवाल १९५४ साली आला आणि पत्रकारांच्या तुटपुंज्या वेतनाचे व असुरक्षित नोकरीचे चित्र त्यातून पुढे आले. पाठोपाठ १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा अधिक काम नाही, आठवड्यातून एक दिवस विश्रांती, कामावरून दूर करावयाचे तर आधी नोटीस, वेतन ठरविण्यासाठी मंडळ, अशा त्यातील तरतुदी होत्या. पुढील दुरुस्तीने अर्धवेळ काम करणाराही या व्याख्येत स्पष्टपणे आला, आणि वेतन देण्याचे दायित्व टाळण्यासाठी नोकरास काढण्यास मनाई करण्यात आली.

मालकवर्गाने या कायद्यास पहिल्यापासून न्यायालयात आव्हान दिले, आणि युक्तिवाद केला तो वृत्तपत्र स्वातंत्र्याचा! नोकरांस ठरावीक वेतन द्यावे लागले तर अभिव्यक्तीचा संकोच होतो, असे म्हणणे होते. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा राखला, मात्र वर्तमानपत्रांची देण्याची ऐपत पुरेशी तपासली नाही म्हणून पहिल्या वेतन मंडळाचा निर्णय रद्द केला. पुढे पालेकर, बच्छावत, मणिसाना सिंह अशी नावे या इतिहासात येत गेली. शेवटचे मंडळ न्यायमूर्ती मजिठिया यांचे. त्याने ३१ डिसेंबर २०१० रोजी अहवाल दिला, ११ नोव्हेंबर २०११ रोजी शासनाने तो अधिसूचित केला, आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवून थकबाकी एका वर्षात चार हप्त्यांत देण्यास फर्माविले. उलाढालीनुसार वर्तमानपत्रांचे आठ वर्ग पाडले होते. एक हजार कोटींच्या वरचे वर्तमानपत्र आणि तालुक्याचे साप्ताहिक यांना एकाच मापाने मोजलेले नव्हते. ऐपत नाही, ही सबब तेथेच निकालात निघाली होती.

तरी थकबाकी बहुतेकांच्या हाती आली नाही. त्यासाठी जी वाट शोधली गेली ती समजून घेण्यासारखी आहे. अधिसूचनेत २०(जे) नावाचे एक कलम होते. ज्या नोकरास आपले आधीचे वेतनच पुढे ठेवावयाचे असेल त्याने तसे तीन आठवड्यांत कळवावे, असा त्याचा आशय. ज्याला मंडळाच्या शिफारशीपेक्षा अधिक मिळते त्याचे नुकसान होऊ नये म्हणून केलेली ही सोय. प्रत्यक्षात कार्यालयाकार्यालयांतून छापील कागद फिरले आणि कमी वेतन घेणाऱ्या हजारो नोकरांनी आपणांस वाढीव वेतन नको असल्याचे लिहून दिले. ज्यांनी सही केली नाही त्यांच्या बदल्या दूरच्या आवृत्त्यांत झाल्याच्या तक्रारी झाल्या. अवमान याचिकांवर १९ जून २०१७ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ठरलेल्या वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार करता येत नाही आणि २०(जे) चा आधार घेऊन तसे करता येणार नाही. कंत्राटी नोकरांनाही वेतन मंडळ लागू आहे. मात्र हेतुपुरस्सर अवज्ञा झाली नाही, असे म्हणून मालकांना अवमानाच्या दोषातून मोकळे केले, आणि थकबाकी, बदली व बडतर्फी यांची तक्रार ज्याने त्याने योग्य त्या यंत्रणेकडे न्यावी असे सांगितले. न्याय मिळाला तो कागदावर. वसुलीची पायपीट नोकराकडेच राहिली.

या निकालातील तत्त्व वाचताना आम्हांस पोप लिओ तेरावे यांचे १५ मे १८९१ चे परिपत्र आठवले. मजुराने गरजेपोटी किंवा अधिक वाईट प्रसंगाच्या भीतीने कमी मजुरी मान्य केली तरी त्या संमतीने अन्यायाचा न्याय होत नाही, असे त्यांनी त्यात मांडले होते. दिल्लीच्या न्यायालयाने ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा आधार घेतला असे कोणी समजू नये. विचार करणारी माणसे निरनिराळ्या वाटांनी त्याच ठिकाणी पोचतात, एवढेच. 'मी हौशी आहे' असे लिहून देणाऱ्या आमच्या दोन वार्ताहरांच्या सहीचे मोलही याच मापाने ठरवावे लागेल.

आता कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशभर अंमलात आल्या आणि १९५५ चा कायदा इतिहासजमा झाला. वर्तमानपत्रांसाठी स्वतंत्र वेतन मंडळ नेमण्याची तरतूद त्याबरोबर गेली. हे नुकसान मोठे आहे आणि पत्रकार संघटनांनी त्याविषयी व्यक्त केलेली चिंता रास्त आहे. दुसऱ्या बाजूस, नव्या संहितांत काही गोष्टी वार्ताहराच्या उपयोगाच्या आहेत व त्या त्याला सांगणारे कोणी नाही, म्हणून येथे नोंदवितो. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत पूर्णवेळ व अर्धवेळ दोघेही आहेत आणि आता दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमांतील पत्रकारही आले आहेत. प्रत्येक नोकरास नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि दावा झाल्यावर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. जुन्या कायद्याखाली दाखल झालेले दावे केवळ कायदा बदलला म्हणून आपोआप बुडत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

वाद कोठे उभा राहील तेही दिसते आहे. नियुक्तीपत्राची तरतूद ज्या संहितेत आहे ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. शिरूरच्या गाळ्यात दोन माणसे बसतात. तो गाळा स्वतंत्र आस्थापना समजावयाचा की पुण्यातील शेकडो माणसांच्या आस्थापनेचा एक भाग? ज्याच्या नावाचा फलक आहे, ज्याच्या संगणकावर बातमी जाते आणि ज्याच्या खात्यात जाहिरातीचे पैसे जमा होतात, त्याचाच तो भाग आहे हे सामान्य बुद्धीला कळते. न्यायालयात ते कळविण्यास किती वर्षे लागतील, हे सांगता येत नाही.

मालकांची बाजू मांडणेही आमचे कर्तव्य आहे. कागद महाग झाला, जाहिराती मोबाइलकडे गेल्या आणि वाचकाला अंकाची किंमत वाढलेली चालत नाही. २०२० साली टाळेबंदीच्या काळात पुण्यात 'सकाळ टाइम्स' या इंग्रजी दैनिकाची छपाई बंद झाली व तेथील पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टाइम्स समूहाने 'पुणे मिरर' बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये पत्रकारांच्या तीन संघटना वेतनकपात आणि नोकरकपातीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. संकट खरे होते. शिरूर-दौंडमधील लहान साप्ताहिकांचे मालक तर स्वतःच बातमी लिहितात, स्वतःच पाने जुळवितात आणि स्वतःच उधारीवर छापून घेतात. त्यांना आम्ही काय दोष द्यावा? परंतु ज्यांच्या आवृत्त्या जिल्ह्याजिल्ह्यांतून निघतात, ज्यांचे पुरस्कार सोहळे तारांकित हॉटेलांत होतात, त्यांनी तालुक्याच्या वार्ताहरास पैसे नाहीत म्हणावे, हे पटत नाही. पैसे नसतात असे नाही. देणेकऱ्यांच्या यादीत वार्ताहराचे नाव सर्वांत खाली असते. कागदवाला थांबत नाही, वीज मंडळ थांबत नाही. वार्ताहर थांबतो.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्यास आले की दौंड तालुक्यातील केडगाव जवळच लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे हे गाव. तेथील छापखान्यात निराश्रित मुली व विधवा अक्षरजुळणी शिकल्या आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या हातांनी छापले गेले. ज्या काळी स्त्रीने छापखान्यात पाऊल टाकणे अनेकांना अशक्य वाटले असते, त्या काळी या तालुक्यात छपाईचे काम शिकविले गेले ते स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची विद्या म्हणून. आणखी एक नाव याच जिल्ह्याचे. खेड तालुक्यातील कन्हेरसर हे मूळ गाव असलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र १८८० पासून मुंबईतून चालविले आणि गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगारास आठवड्याची सुटी मिळावी म्हणून त्यांनी जो लढा दिला त्यास १८९० मध्ये यश आले. मराठी वर्तमानपत्र आणि कामगाराची मजुरी यांचे नाते असे जुने आहे. आजच्या कार्यालयांत लोखंड्यांची तसबीर क्वचित दिसते, हा योगायोग असावा.

दुसऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःच्या घराकडे पाहणे प्राप्त आहे. आमच्या संस्थांना बातमी हवी असते. शाळेचा निकाल लागला, सण साजरा झाला, महागुरुस्वामी आले की आम्ही वार्ताहरास फोन करतो, चहा देतो, छायाचित्रासह मजकूर लवकर येईल ना असे विचारतो. त्याच्या गाडीच्या पेट्रोलचा विचार आमच्या मनात येत नाही. आणखी एक कबुली येथेच द्यावी. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका लहान ख्रिस्ती नियतकालिकाचे काम पाहत होतो. वर्गण्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंचे पैसे आम्ही तीन महिने दिले नाहीत. छपाईचे व टपालाचे पैसे मात्र दिले. बाईंनी मागितले नाहीत, आणि त्या मागत नाहीत याचा अर्थ त्यांना अडचण नाही, असा आम्ही सोयीने लावला. 'हे सेवेचे काम आहे' असे वाक्यही आम्ही त्यांच्याजवळ बोललो असू. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे, आणि रोखून ठेवलेली मजुरी हे आकाशापर्यंत आक्रोश करणारे पाप म्हणून आम्ही मुलांना धर्मशिक्षणात शिकवितो. त्याच आठवड्यात आम्ही शिकविलेही असेल. पुढे एका धर्मभगिनीने बाईंच्या घरची परिस्थिती सांगितली तेव्हा पैसे गेले. म्हणून 'मानधन' आणि 'सेवा' या दोन शब्दांची आम्हांला सारखीच धास्ती वाटते.

दरवर्षी ६ जानेवारीस, 'दर्पण'चा पहिला अंक निघाला त्या दिवसाच्या स्मरणार्थ, तालुक्यातालुक्यांत पत्रकार दिन साजरा होतो. शाल, श्रीफळ, पेन आणि डायरी देऊन वार्ताहरांचा सत्कार होतो. व्यासपीठावर आमदार, कारखान्याचे पदाधिकारी आणि पोलीस अधिकारी असतात. लोकशाहीचा चौथा स्तंभ ही उपमा निदान चार वेळा येते. अशा एका समारंभास आम्हीही होतो. तेथे एकाही वक्त्याने या स्तंभास महिन्याचे किती मिळते, असे विचारले नाही. आम्हांलाही बोलावयास सांगितले होते आणि आम्हीही विचारले नाही. पत्रकारांच्या तालुका संघटनांनी निदान एक वर्ष शालीऐवजी नियुक्तीपत्रांची मागणी पुढे ठेवावी. घरकुल, अपघात विमा आणि ज्येष्ठांसाठीची शासनाची सन्मान योजना या मागण्या त्या करीतच असतात व त्या योग्यही आहेत. परंतु त्यांपैकी प्रत्येकीसाठी शासन विचारते ते हेच की, आपण पत्रकार आहात याचा पुरावा कोठे आहे?

शिरूरच्या त्या वार्ताहरापुढेही हाच प्रश्न आला. घोडगंगाच्या बातम्यांनंतर वर्षभराने त्याचे नाव गटातून निघाले. कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, असे आम्ही सुचविले तेव्हा तो कात्रणांच्या चार जाड वह्या घेऊन आला. तेरा वर्षांच्या बातम्या त्यांत चिकटविलेल्या होत्या. आम्ही दोघांनी बसून त्या चाळल्या. बहुतेक प्रत्येक बातमीवर 'शिरूर, वार्ताहर' एवढेच छापलेले होते. त्याचे नाव नऊ ठिकाणी सापडले, त्यांतील सहा वर्धापनदिनाच्या पुरवण्या होत्या. मग आमच्या कार्यालयातील मुलाने त्याच्या ई-मेलच्या खात्यातून पाठविलेल्या बातम्यांची यादी तारखेवार छापून काढण्यास प्रारंभ केला. सायंकाळपर्यंत २०१९ पर्यंतची झाली. पुढची सोमवारी करावयाची ठरले, कारण शनिवारी त्याला दुसऱ्या एका वर्तमानपत्रासाठी बाजाराची बातमी द्यावयाची होती. तेथे मानधन किती ठरले आहे, असे आम्ही विचारले. ते अजून बोलणे झालेले नाही, असे तो म्हणाला.